कपोटीचं बालपण लिहिताना मावशीचं किती धरायचं, मावसभावाचं किती

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी अंकासाठी अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटीच्या बालपणावर लेख लिहायचा आहे. हाताशी तीन गोष्टी आहेत. मावशी मरी रुडिसिल यांचं १९८३चं पुस्तक, मावसभाऊ जेनिंग्ज फॉक कार्टर यांच्या आठवणींवरून मरिअ‍ॅन मोट्स यांनी १९८९मध्ये लिहिलेलं पुस्तक आणि कपोटीची स्वतःची ‘अ ख्रिसमस मेमरी’ ही कथा, ज्यात एक मुलगा आणि त्याची म्हातारी नातलग मिळून नाताळचे फ्रूटकेक करतात. अलाबामातलं मन्रोव्हिल हे गाव तेच, घर तेच, माणसं तीच. तरी तिन्हींत फरक आहे. खरं कोणाचं धरायचं?

आधी एक तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: डिसेंबर १९५६. त्या महिन्यात ‘मादमोझेल’ मासिकात ही कथा छापून आली. तिच्याखाली दुसरी तारीख लिहा, १९६०. त्या वर्षी शेजारच्या नेल हार्पर लीची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी आली आणि तिच्यातला डिल म्हणजे लहानपणीचा ट्रुमन, हे जगाला कळलं. नातेवाइकांची दोन्ही पुस्तकं यानंतर वीस-तीस वर्षांनी आली. मधल्या काळात घरातल्या प्रत्येकाने ती कथा वाचलेली, पाहुण्यांना सांगितलेली, पत्रकारांपुढे घोळवलेली. म्हणून मावशीच्या पुस्तकातली केकची हकीकत कथेशी जुळली की लगेच ‘दोन साक्षी मिळाल्या’ असं धरू नका. ती दुसरी साक्ष नसून पहिलीचाच पडसाद असू शकते. या विषयावर लिहिणारे सर्वांत जास्त घसरतात ते इथेच.

आता नात्यांचा तक्ता. इंग्रजीत सगळं ‘आंट’ आणि ‘कझिन’ या दोन शब्दांत उरकतं, मराठीत उरकत नाही, आणि ते बरंच आहे, कारण आपल्याला नेमकं नातं शोधावंच लागतं. ट्रुमनची आई लिली मे फॉक. ती आणि तिची भावंडं पोरकी झाल्यावर मन्रोव्हिलमधल्या फॉक नातलगांनी त्यांना सांभाळलं. त्या घरात चार अविवाहित भावंडं होती: जेनी, कॅली, सुक आणि बड. जेनीचं गावच्या चौकात टोप्यांचं आणि कापडाचं दुकान. घर तिच्या पैशावर आणि तिच्या धाकात चाले. पुढे लिली मे आणि आर्च पर्सन्स यांचा संसार मोडत चालला, तेव्हा १९३०च्या सुमारास ट्रुमनलाही त्याच घरात आणून ठेवलं. म्हणजे सुक, जिच्यावरून कथेतली म्हातारी बेतली आहे, ही त्याची मावशी नव्हे आणि आजीही नव्हे. आईच्या माहेरची दूरची नातलग. कथेतही ‘आम्ही फार दूरचे नातेवाईक’ असंच आहे. मराठीत लिहिताना ‘सुकमावशी’ म्हणायचा मोह होतो, वाक्यही गोड होतं. पण तसं केलंत की सख्खी मावशी जी मरी, तिच्याशी घोटाळा झालाच. जेनिंग्ज कार्टर हे लिली मेची बहीण मेरी आयडा हिचे चिरंजीव, म्हणून मावसभाऊ. शेजारची नेल नात्यातली नव्हेच.

तक्ता झाला की प्रत्येक नावापुढे जन्मसाल लिहा. ट्रुमन ३० सप्टेंबर १९२४, न्यू ऑर्लीन्स. नेल २८ एप्रिल १९२६. रुडिसिलबाई १९११. नुसत्या या तीन सालांनी निम्मं काम होतं. ट्रुमन त्या घरात राहायला आला तेव्हा मावशी एकोणीस वर्षांची होती. त्याच्याबरोबर ती काही अंगणात खेळत नव्हती. उलट तिचं स्वतःचं लहानपण त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात, त्याच सुकच्या हाताखाली गेलं होतं. त्यामुळे घराचा वास, जेनीचा आवाज, सुकची औषधं, कोण कोणाशी किती दिवस बोलत नव्हतं, हे सगळं तिच्याकडून घ्यावं. त्यात ती अव्वल साक्षीदार आहे. पण तिने रंगवलेला एखादा प्रसंग तिच्या लहानपणीच्या सुकचा आहे की ट्रुमनच्या वेळच्या, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. एकाच घरात दोन पिढ्या वाढल्या की आठवणींत दहा-पंधरा वर्षं सहज इकडची तिकडे होतात, आणि सांगणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हा खोटेपणा नव्हे.

कार्टर यांचं बरोबर उलटं. ते वयाने ट्रुमनच्या जवळचे आणि गावाबाहेरच्या शेतावर वाढलेले. झाडावरचं घर, पोहणं, जनावरं, पोरांची भांडणं, ट्रुमनने रचलेले बेत, ही त्यांची हद्द. मोठी माणसं रात्री काय बोलली, लिली मेने मुलाला का सोडलं, पैसे कोणी पाठवले, हे ते सांगू लागले की ती ऐकीव माहिती समजा. शिवाय त्यांच्या आठवणी मोट्स यांच्या हातून कागदावर आल्या आहेत. वाक्याची लय, प्रसंगाचा चढ, शेवटची कलाटणी यांत लेखिकेचा हात असणारच. रुडिसिलबाईंच्या पुस्तकालाही जेम्स सिमन्स हे सहलेखक होते.

आणि तिसरा साक्षीदार, म्हणजे कपोटी. त्याच्या मुलाखतींना कथेइतकंच सैल धरा. उदाहरणच घ्या. १९५७च्या ‘पॅरिस रिव्ह्यू’मधल्या मुलाखतीत तो सांगतो की दहा-अकरा वर्षांचा असताना तो मोबील शहराजवळ राहायचा, शनिवारी दंतवैद्याकडे मोबीलला जायचा, तिथल्या वर्तमानपत्राच्या मुलांच्या कथास्पर्धेत भाग घेतला, आणि गोष्टीचा पहिला भाग एका रविवारी त्याच्या मूळ नावाने, ट्रुमन स्ट्रेकफस पर्सन्स असा, छापून आला. आता तारखा लावा. दहाव्या-अकराव्या वर्षी, म्हणजे १९३४ ते १९३६च्या दरम्यान, तो न्यूयॉर्कला आईकडे होता आणि तिथल्या ट्रिनिटी शाळेत शिकत होता. अलाबामात यायचा तो सुटीत. मन्रोव्हिल ते मोबील अंतर शंभर मैलांच्या आसपास. दर शनिवारची दंतवैद्याची फेरी यात कुठे बसवणार? प्रसंग घडलाच नाही असं यावरून सिद्ध होत नाही. वय आणि पत्ता मात्र जुळत नाही. अंकाचं पान प्रत्यक्ष हाती येईपर्यंत ‘कपोटीच्या म्हणण्याप्रमाणे’ हे दोन शब्द गाळू नका.

कामाची पद्धत सांगतो. एका विधानाला एक कार्ड किंवा तक्त्यातली एक ओळ, आणि तिला पाच रकाने. विधान काय; सांगणारं कोण; त्या वेळी सांगणाऱ्याचं वय किती आणि मुक्काम कुठे; पाहिलेलं, ऐकलेलं की अंदाजाने भरलेलं; आणि हे विधान छापून पहिल्यांदा कधी आलं. पाचवा रकाना कंटाळवाणा असतो, म्हणून लोक तो गाळतात. तो गाळू नका, सगळी मेख तिथेच आहे. एखादी हकीकत १९५६पूर्वीच्या पत्रात, दैनिकात किंवा सरकारी कागदात सापडली तर तिचं वजन वेगळं, आणि फक्त १९८३नंतर दिसत असेल तर वेगळं. दोन हजार शब्दांच्या लेखाला अशा साठ-सत्तर ओळी पुरतात. त्यांतल्या पंधरा-वीसच लेखात येतील, बाकीच्या तुम्हाला चुकण्यापासून वाचवतील.

संवादांबद्दल सरळ नियम ठेवा. पन्नास वर्षांनंतर आठवलेला पानभर संवाद म्हणजे पुनर्रचना. अवतरणचिन्हांत तो मराठीत आणलात की वाचकाला वाटतं, कोणी तिथे बसून टिपून घेतलं होतं. आशय आपल्या शब्दांत द्या. एखादं छोटं, तिरपागडं, बोली वाक्य मात्र अस्सल असण्याची शक्यता जास्त, ते ठेवलंत तरी चालेल. अशा आठवणी ओळखायची आणखी एक खूण आहे. जो तपशील कथेत नाही आणि सांगणाऱ्याला अडचणीचा आहे, तो बहुधा खरा. जो तपशील सांगणाऱ्याला दोन पावलं पुढे, थेट प्रसंगाच्या मध्यभागी आणून उभा करतो, तो दोनदा तपासा. रुडिसिलबाई २०००पासून अमेरिकी टीव्हीवरच्या ‘टुनाइट शो’मध्ये ‘फ्रूटकेक लेडी’ म्हणून गाजल्या आणि त्याच वर्षी त्यांचं फ्रूटकेकवरचं पुस्तक आलं. नव्वदीला टेकलेली, फटकळ, प्रेक्षकांना हसवणारी बाई. टीव्हीवर पाच वेळा सांगून घोटलेली गोष्ट आणि १९८३च्या पुस्तकातली तीच गोष्ट यांत फरक दिसला तर जुनी घ्या.

आता ‘अ ख्रिसमस मेमरी’चा ताळा करू, कारण तुमच्या लेखाचा गाभा तीच कथा असणार. कथेतला मुलगा बडी, म्हणजे ट्रुमनच, सात वर्षांचा. ट्रुमन सात वर्षांचा असतानाचा नाताळ फक्त एक, डिसेंबर १९३१चा. कथेत एक केक जातो व्हाइट हाउसला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना. पण रूझवेल्ट पदावर आले मार्च १९३३मध्ये. १९३१च्या नाताळात तिथे हूव्हर होते. म्हणजे रूझवेल्टना केक पाठवायचा असेल तर लवकरात लवकर १९३३चा नाताळ, आणि तेव्हा ट्रुमन नऊ वर्षांचा. तोवर आई नीना हे नवं नाव घेऊन जो कपोटी नावाच्या गृहस्थाशी लग्न करून (१९३२) न्यूयॉर्कला स्थिरावली होती आणि मुलाला तिकडे बोलावलं होतं. तो नेमका कधी गेला याबद्दल कुठे १९३२ दिसतं, कुठे १९३३. लेखात ‘१९३२-३३’ असं लिहा.

दुसरा सांधा शेवटाकडे आहे. कथेत हा दोघांचा अखेरचा नाताळ, कारण मुलाला सैनिकी शाळेत धाडतात. प्रत्यक्षात सैनिकी शाळा आली १९३६मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑसिनिंगला, आणि तीही न्यूयॉर्कच्या घरातून. मन्रोव्हिल सुटलं ते आईने बोलावलं म्हणून. कथेने आई पूर्ण पुसून टाकली आणि पाच वर्षांचा पट एका हिवाळ्यात घडी घालून बसवला. हे कथाकाराने कथाकार म्हणून केलेलं काम आहे, त्याला चूक म्हणू नका. पण चरित्रपर लेखात ‘सातव्या वर्षी त्याला सैनिकी शाळेत पाठवलं’ असं वाक्य आलं तर ती तुमची चूक.

इथे अतिहुशारीचाही एक खड्डा आहे. कथेत केकसाठीची व्हिस्की चोरून आणावी लागते. राष्ट्रीय दारूबंदी डिसेंबर १९३३मध्ये उठली, म्हणून प्रसंग त्याआधीचाच, असा निष्कर्ष काढावासा वाटेल. तो लंगडा आहे. अलाबामात राज्याचा स्वतःचा दारूबंदी कायदा १९३७पर्यंत होता, आणि कथाही बंदी राज्याच्या कायद्याची आहे असंच म्हणते. व्हिस्कीवरून साल ठरत नाही.

आकड्यांचा ताळा मात्र कथेच्या बाजूने जातो. सुरुवातीला तीस केक करायचे ठरतात, शेवटी एकतीस होतात; व्हिस्कीवाल्याने दोन डॉलर परत करून त्याऐवजी एक केक मागितला, तो एकतिसावा. गोधडीवर ओतलेल्या पैशांची मोजणी म्हातारीच्या हिशेबाने १२ डॉलर ७३ सेंट, मुलाच्या हिशेबाने नेमके तेरा. एकतीस केकना १२.७३ भागले तर केकमागे सुमारे ४१ सेंट. पेकान (तिथला एक कवचाचा सुका मेवा) झाडाखालचे वेचलेले, म्हणजे फुकटचे. व्हिस्कीचे पैसे परत आलेले. पण मैदा, लोणी, अंडी, बेदाणे, चेरी, साखरेत मुरवलेली लिंबूवर्गीय सालं, डब्यातला हवाईचा अननस हे सगळं त्यातच बसवायचं. चार दिवसांत, लाकूड-कोळशाच्या चुलीवर. ओढाताण आहे, अशक्य काही नाही. असा प्रसंग लेखात वर्षाशिवाय द्यावा: ‘तिशीच्या दशकाच्या आरंभी’ एवढं पुरे.

कागदपत्रं. अमेरिकी जनगणनेच्या नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही आज घरबसल्या पाहता येतात; ‘फॅमिलीसर्च’वर खातं उघडलं की पैसे पडत नाहीत. मन्रो काउंटी, मन्रोव्हिल, आडनाव फॉक असं शोधा. आडनावाचं स्पेलिंग नोंदणाऱ्याने वाटेल तसं लिहिलेलं असतं, म्हणून शेजारच्या ली कुटुंबावरून घर गाठा. १९३०ची गणना १ एप्रिलची स्थिती दाखवते. ट्रुमन त्या घरात दिसला नाही तर घाबरू नका, तो कायमचा राहायला आला त्यानंतर. वयं मात्र दार उघडणाऱ्याने सांगितलेली असतात, आणि अविवाहित बहिणींच्या घरात दहा वर्षांत वय सहाच वर्षांनी वाढलेलं आढळलं तर नवल नाही. गावचं ‘मन्रो जर्नल’ हे साप्ताहिक दुसरा आधार. नेलचे वडील अमासा कोलमन ली वकील होते, राज्याच्या विधिमंडळात होते आणि १९२९ ते १९४७ या साप्ताहिकाचे संपादकही. कोण गावाला आलं, कोण परत गेलं, हे अशा पत्रांच्या गावगप्पांच्या सदरात बारीक टायपात असतं, आणि ट्रुमनच्या येण्याजाण्याच्या तारखा शोधायला त्याहून चांगली जागा नाही. कपोटीची हस्तलिखितं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. जेराल्ड क्लार्क यांचं १९८८चं चरित्र आधी वाचून मगच नातेवाइकांची पुस्तकं उघडा, उलट क्रमाने नको. आधी मावशी वाचली की तिचाच सूर कानात बसतो.

नातेवाइकांच्या आठवणींत काय नसतं, हेही तपासायला हवं. मन्रोव्हिल तेव्हा दीडेक हजार वस्तीचं, चौकात १९०३चं न्यायालय असलेलं गाव. नोव्हेंबर १९३३मध्ये वॉल्टर लेट या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या बाईवर बलात्कार केल्याचा आरोप झाला, १९३४मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला, पुढे तो जन्मठेपेवर आला. हे त्याच न्यायालयात घडलं आणि त्याच साप्ताहिकात छापलं गेलं. घरच्या आठवणींचं गाव मात्र पेकान, परसू आणि तऱ्हेवाईक म्हाताऱ्यांचं. कार्टर यांच्या आठवणींत हॅलोवीनच्या मेजवानीचा प्रसंग आहे, तिथे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे लोक येतात आणि लीसाहेब त्यांना अडवतात. वाचायला जबरदस्त आहे. पण यात नेलचे वडील जसे दिसतात ते १९६०नंतर जगाला आवडलेल्या, नेलच्या कादंबरीतल्या वकील बापाशी, अ‍ॅटिकस फिंचशी फारच जुळतं, म्हणून पाचव्या रकान्याकडे पुन्हा पाहा आणि प्रसंग कार्टर यांच्या नावावरच ठेवा. घरात आणि शेतावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांबद्दल या पुस्तकांत जो मायाळू, वरून खाली बघणारा सूर आहे, तो भाषांतरात गुळगुळीत करू नका, आणि स्वतःचा म्हणून उचलूही नका.

नेलच्या कादंबरीतलं वय वास्तवाला जोडायची चूकही नेहमीची. डिल ‘सातवं लागणार’ आणि स्काउट, म्हणजे नेलवरून बेतलेली निवेदिका, ‘जवळजवळ सहा’ असं तिथे आहे, १९३३च्या उन्हाळ्यात. खऱ्या नेलला त्या उन्हाळ्यात सात पूर्ण होते आणि ट्रुमन नववं पुरं करत होता. तेव्हा ‘ट्रुमन सहा वर्षांचा असताना त्यांची पहिली भेट झाली, पाहा डिल’ अशी वाक्यं नकोत.

शेवटी शब्दांचं. मराठी लेखात पदार्थ आणि वेळा जशाच्या तशा उचलल्या की अर्थच बदलतो. तिथलं ‘बिस्किट’ म्हणजे आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. मऊ मैदा, चरबी आणि ताक घालून भाजलेली, जाड, फुगलेली, गरम खायची लहान भाकरीसारखी पोळी. ‘ग्रिट्स’ म्हणजे मक्याच्या रव्याची खिमट. पेकानला अक्रोड म्हणू नका. चव जवळची, झाड वेगळं, आणि कथेत मुलाची जुनी बाबागाडी भरते ती पेकाननीच. फ्रूटकेकला पुण्यामुंबईच्या बेकऱ्यांत नाताळात मिळणारा प्लम केक म्हटलं तर वाचकाला चित्र दिसतं, पण तो इतका फळांनी गच्च नसतो, हे अर्ध्या वाक्यात सांगा. ‘मिस जेनी’ला ‘कुमारी जेनी’ केलंत तर शाळेचा दाखला वाटेल. ‘जेनीबाई’ योग्य, कारण तिथे ‘मिस’ हे आदराने पहिल्या नावाला लावायचं बिरुद आहे. आणि ‘डिनर’. त्या काळच्या त्या गावात डिनर म्हणजे दुपारचं मुख्य जेवण. रात्रीचं ते ‘सपर’. मावशीच्या पुस्तकात जेनी दुकान बंद करून डिनरला घरी आली, असं दिसलं तर घड्याळात साधारण बारा वाजलेत असं समजा, आणि मराठीत रात्र करू नका.